क्षयाची लस : पिंजऱ्यातील उंदीर आणि चाकणचा कामगार

पिंपरी, प्रतिनिधी - 'क्षयमुक्त भारता'साठी निश्चित केलेले २०२५ हे वर्ष सरले. जागतिक उद्दिष्टाच्या पाच वर्षे आधी क्षयरोगाचे निर्मूलन करण्याचा संकल्प मार्च २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झाला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार, भारतात दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले. ही २१ टक्क्यांची घट जागतिक सरासरीपेक्षा निश्चितच सरस आहे. मात्र संकल्प ८० टक्के घट करण्याचा होता. जगातील दर चार नव्या क्षयरुग्णांपैकी एक आजही भारतीय आहे.

हा हिशेब पिंपरी-चिंचवडला विशेष लागू पडतो. याच पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील पहिला प्रतिजैविक कारखाना उभा राहिला. पेनिसिलिनपाठोपाठ क्षयावरील पहिले प्रभावी औषध, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, येथे तयार होऊ लागले. ज्या गावाने देशाला क्षयाचे औषध पुरविले, त्याच गावाभोवती वाढलेल्या कारखानदारीच्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, क्षयाला पोषक ठरणारी जवळजवळ सर्व परिस्थिती आज एकवटलेली आहे. दाटीच्या भाड्याच्या खोल्या, पाळ्यांमधील काम, वाळूची धूळ, अपुरा आहार आणि गावोगाव फिरता कामगार हे चित्र येथे नवे नाही.

औषधे असूनही रोग हटत नाही, तेव्हा साहजिकच नजर लसीकडे वळते. लशीचे वृत्त अधूनमधून झळकते आणि त्या प्रत्येक वृत्ताच्या मुळाशी एक वाक्य हमखास असते : 'उंदरांवरील प्रयोगांत ही लस बीसीजीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली.' या वाक्यावर किती विसंबायचे, हा केवळ शास्त्रज्ञांपुरता प्रश्न राहिलेला नाही. सार्वजनिक पैसा कोठे खर्च व्हावा, याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. उंदराने क्षयाविषयी दिलेली साक्ष नीट वाचली, तर ती एका नव्हे, दोन गोष्टींविषयी आहे. त्यातील एकच आजवर मोठ्याने ऐकली गेली, असे दिसते.

प्रयोग होतो कसा?

प्रयोगशाळेतील उंदीर म्हणजे घरातला उंदीर नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आपसांत संकर करून वाढविलेले हे प्राणी जनुकीयदृष्ट्या एकमेकांची जणू प्रतिकृतीच असतात. त्यांचे अन्न, पाणी, हवा आणि पिंजऱ्यातील भुसासुद्धा निर्जंतुक केलेला असतो. काही आठवडे वयाच्या अशा उंदरांपैकी निम्म्यांना लस टोचली जाते आणि निम्म्यांना नाही. दीड-दोन महिन्यांनी सर्वांना एका बंद यंत्रात ठेवून क्षयजंतूंचे तुषार हुंगविले जातात. प्रत्येकाच्या फुप्फुसात सर्वसाधारणपणे पन्नास ते शंभर जंतू जातील, असा बेत असतो.

सुमारे चार आठवड्यांनी फुप्फुसे काढून वाटली जातात आणि तो द्राव पोषक थरावर पसरला जातो. क्षयजंतू अतिशय संथ वाढतो. त्यामुळे त्याच्या वसाहती मोजता येण्यासाठी आणखी तीन आठवडे थांबावे लागते. लस न दिलेल्या उंदरात तोवर जंतूंची संख्या दहा लाखांच्या घरात पोचलेली असते. बीसीजी दिलेल्या उंदरात ती साधारण एक दशांश भरते. नव्या लशीने हा आकडा त्याहून खाली आणला, तर ती 'सरस' ठरते. वृत्तपत्रांतून वाचकापर्यंत पोचणाऱ्या त्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो.

येथे एक बाब नजरेआड होते. लस दिलेला उंदीर क्षयमुक्त झालेला नसतो. त्याच्या फुप्फुसात लाखभर जंतू जिवंत असतातच. मोजले जाते ते चार आठवड्यांनंतरचे जंतूंचे ओझे. माणसाच्या बाबतीत विचारला जाणारा प्रश्न मात्र निराळा असतो. हा माणूस पुढील पाच-दहा वर्षांत आजारी पडेल की नाही, हे त्याच्या घरच्यांना हवे असते. या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

उंदराचे ऋण

असे असले तरी उंदराचे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. क्षयजंतूशी शरीर लढते कसे, याची बहुतेक समज उंदरामुळेच आली. क्षयजंतू राहतो तो शरीराच्याच भक्षक पेशींच्या पोटात. जी पेशी जंतू गिळून पचवायची, तिच्यातच तो घर करतो. रक्तातील प्रतिपिंडे तेथवर सहज पोचत नाहीत. त्यामुळे या भक्षक पेशीला आतून चेतविणारे कोणीतरी लागते आणि हे काम टी पेशी करतात. टी पेशींमध्ये वेगवेगळ्या कामांचे दोन गट असतात, हे १९८६ साली उंदरांच्या पेशींवरूनच स्पष्ट झाले.

पुढे १९९३ साली अमेरिकेतील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी इंटरफेरॉन गॅमा हा संदेशवाहक पदार्थ तयार करूच न शकणारे उंदीर वापरले. या उंदरांत क्षयजंतू अनिर्बंध वाढला आणि ते लवकर मरण पावले. टी पेशी भक्षक पेशीला चेतविते ती प्रामुख्याने याच पदार्थाद्वारे, हे त्यातून सिद्ध झाले. तीनच वर्षांनी, १९९६ साली, माल्टा आणि ट्युनिशियातील काही बालकांविषयीचे शोधनिबंध प्रसिद्ध झाले. या बालकांच्या पेशी जन्मतःच इंटरफेरॉन गॅमाचा संदेश स्वीकारू शकत नव्हत्या. एरवी निरुपद्रवी असणारे मातीतील जंतू, इतकेच नव्हे तर बीसीजीची लससुद्धा, अशा मुलांच्या जिवावर बेतली होती.

दुसरे उदाहरण टीएनएफ या पदार्थाचे. तो निष्प्रभ केला की उंदीर क्षयाला बळी पडतो, हे १९९५ साली दिसून आले होते. संधिवातावर टीएनएफ रोखणारी औषधे बाजारात आल्यानंतर, २००१ साली, त्यातील एका औषधाच्या वापरानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद अमेरिकेत प्रसिद्ध झाली. शरीरात दबून राहिलेला क्षय या औषधामुळे उफाळून आला होता. उंदराने दिलेला इशारा माणसात शब्दशः खरा ठरला.

टी पेशींचे महत्त्व पुण्याच्या परिसराला वेगळे सांगण्याची गरज नाही. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नावाने १९९२ साली स्थापन झालेली संस्था भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. एचआयव्हीने नेमक्या याच टी पेशी नष्ट होतात आणि म्हणूनच एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण क्षय हे राहिले आहे.

थोडक्यात, लढाईतील सैनिक कोण आणि शस्त्रे कोणती, हे उंदराने अचूक सांगितले. एक उणीवही त्यानेच दाखविली. जंतू फुप्फुसात शिरल्यापासून टी पेशी तेथे पुरेशा संख्येने पोचेपर्यंत उंदरात सुमारे दोन आठवडे जातात. तेवढ्या अवधीत जंतूने आपले बस्तान बसविलेले असते. बीसीजीने हा अवधी थोडा कमी होतो, संपत नाही.

साक्ष कोठे अपुरी पडते?

प्रयोगात नेहमी वापरल्या जाणाऱ्या जातींच्या उंदरांत क्षयाची गाठ माणसासारखी आतून सडत नाही आणि फुप्फुसाला पोकळीही पडत नाही. माणसात रोग पसरतो तो याच पोकळीतून, खोकल्यावाटे. म्हणजे रोगाची जी अवस्था समाजाच्या दृष्टीने सर्वांत घातक, ती नेहमीच्या प्रयोगातील उंदराला होतच नाही. अशी सडणारी गाठ होणाऱ्या उंदरांच्या जाती आता उपलब्ध आहेत. शंभरऐवजी एक-दोनच जंतू देऊन माणसाच्या जवळ जाणारा संसर्ग घडविण्याची पद्धत अमेरिकेतील संशोधकांनी २०२१ साली मांडली. तरीही उंदीर माणूस होत नाही.

याची किंमत दोनदा मोजावी लागली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या एमव्हीए८५ए या लशीने उंदरांमध्ये आशा निर्माण केली होती. बीसीजीचा परिणाम वाढविणारी लस म्हणून तिची चाचणी दक्षिण आफ्रिकेतील २,७९७ बालकांवर झाली. तिचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. संरक्षण भरले अवघे १७ टक्के आणि तेही योगायोगाने दिसू शकेल इतके क्षीण. बालकांच्या रक्तात टी पेशींची प्रतिक्रिया दिसत होती, पण रोग टळत नव्हता.

दुसरा धडा भारतातील आहे आणि तो अधिक मोठा आहे. तामिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ साली बीसीजीची जगातील सर्वांत मोठी चाचणी सुरू झाली. सुमारे २ लाख ६० हजार लोक तीत सहभागी होते. प्राण्यांमध्ये हमखास संरक्षण देणाऱ्या या लशीने प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून संरक्षण दिले नाही, असे १९७९-८० च्या सुमारास जाहीर झाले. पंधरा वर्षांच्या पाहणीनंतरही निष्कर्ष बदलला नाही. बालकांमधील मेंदूज्वर आणि सर्वांगात पसरणारा क्षय यांपासून बीसीजी वाचविते, हे इतरत्र सिद्ध झाले असल्याने जन्मतः ती टोचण्याचे धोरण कायम राहिले आणि ते योग्यच होते. तथापि, रोग पसरविणारा प्रौढ रुग्ण तिच्या कक्षेबाहेरच राहिला.

असे का व्हावे? एक स्पष्टीकरण पुन्हा उंदरानेच दिले. उष्ण प्रदेशातील माती व पाण्यात क्षयजंतूचे अनेक निरुपद्रवी भाऊबंद असतात. डेन्मार्कमधील संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अशा जंतूंचा आधी संपर्क आलेल्या उंदरांत बीसीजी निष्प्रभ ठरली. बीसीजी ही जिवंत लस आहे. तिला शरीरात काही काळ वाढावे लागते. भाऊबंदांशी आधीच ओळख झालेले शरीर तिला वाढूच देत नाही. निर्जंतुक पिंजऱ्यातील उंदराला ही ओळख नसते. चाकणच्या परिसरातील खोलीत साठवणीचे पाणी पिणाऱ्या कामगाराला ती असण्याची शक्यता भरपूर आहे.

पुण्याची लस आणि घरोघरची चाचणी

या पार्श्वभूमीवर सध्याच्या लशींकडे पाहिले पाहिजे. व्हीपीएम१००२ या लशीचे नाते थेट पुण्याशी आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत प्रा. स्टेफान काउफमान यांच्या गटाने बीसीजीमध्ये लिस्टेरिया या जंतूचे एक जनुक घातले आणि बीसीजीचे स्वतःचे एक जनुक काढून टाकले. त्यामुळे भक्षक पेशीच्या पोटात कोंडलेल्या लशीचे अंश पेशीत इतरत्र पोचतात आणि टी पेशी अधिक व्यापकपणे चेतविल्या जातात, अशी ही कल्पना. ही लस उंदरांत बीसीजीपेक्षा सरस ठरल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. पुढे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तिचे हक्क घेतले.

दुसरी इम्युव्हॅक. डॉ. गुरसरन प्राण तलवार यांच्या पुढाकाराने भारतात शोधल्या गेलेल्या, क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी नातेवाईकापासून ती तयार होते. मूळ उद्देश कुष्ठरोगाचा होता. या दोन्ही लशींची चाचणी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ साली सुरू केली. सहा राज्यांतील १८ केंद्रांवर क्षयरुग्णांच्या घरातील सुमारे १२ हजार निरोगी सहवासितांना तीन गटांत विभागून एक लस, दुसरी लस किंवा लस नसलेले इंजेक्शन देण्यात आले आणि पुढे तीन वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले.

या चाचणीची रचना महत्त्वाची आहे. येथे जंतूंचे ओझे मोजले जात नाही, रक्तातील इंटरफेरॉनवरही निकाल ठरत नाही. घरात क्षयरुग्ण असताना लस घेतलेला माणूस आजारी पडला का, एवढेच विचारले जाते. उंदराला जे विचारता येत नाही, ते हेच. लशीला सार्वजनिक कार्यक्रमात स्थान द्यायचे की नाही, हे अशाच पुराव्यावर ठरले पाहिजे. उंदरांवरील सरस आकड्यांनी प्रवेशपत्र मिळू शकते, उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र नव्हे.

केंद्र सरकारने २०२४ पासून अनेक राज्यांच्या निवडक जिल्ह्यांत प्रौढांना बीसीजी देण्याचा उपक्रम अभ्यासाच्या स्वरूपात हाती घेतला. पूर्वी क्षय होऊन गेलेले, रुग्णांचे सहवासित, साठ वर्षांवरील नागरिक, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि वजन फार कमी असलेले असे सहा गट त्यासाठी निश्चित झाले. चेंगलपट्टूचा अनुभव पाहता हा निर्णय अनेकांना कोड्यात टाकणारा वाटला. त्याच्या बाजूने दक्षिण आफ्रिकेतील २०१८ चा एक अभ्यास दाखविला जात असे. त्यात बीसीजी पुन्हा दिल्याने टिकाऊ संसर्गाचे प्रमाण ४५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते. मात्र १,८३६ किशोरवयीनांवर झालेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या पुढील चाचणीत तो लाभ टिकला नाही. लस न दिलेल्या जिल्ह्यांशी तुलना करण्याची सोय या उपक्रमात ठेवलेली आहे, ही जमेची बाजू. ती तुलना पूर्ण होऊन उघडपणे मांडली जाईपर्यंत उपक्रमाचा विस्तार 'मोहीम' म्हणून होता कामा नये.

विदेशात एम७२ या लशीने २०१९ मधील अंतिम निष्कर्षांत, आधीच संसर्ग झालेल्या प्रौढांना तीन वर्षांत सुमारे ५० टक्के संरक्षण दिले. तिची तिसऱ्या टप्प्याची मोठी चाचणी २०२४ साली दक्षिण आफ्रिकेत सुरू झाली व नंतर इतर देशांत विस्तारली. त्यात भारतातील केंद्र नाही. माणसाच्या क्षयजंतूलाच दुबळे करून स्पेनमध्ये बनविलेल्या एमटीबीव्हॅक या लशीच्या प्रौढांवरील चाचण्या भारत बायोटेकने २०२४ साली भारतात सुरू केल्या. या सर्वांना शुभेच्छाच द्यायला हव्यात. परंतु यातील एखादी लस यशस्वी झाली, तरी तिचे उत्पादन, किंमत आणि प्रौढांपर्यंत ती पोचविण्याची यंत्रणा उभी राहण्यास वर्षे लागतील. तोपर्यंत काय?

दुर्लक्षित साक्ष

येथे उंदराची दुसरी साक्ष पुढे येते. १९९६ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी, ज्यांत इंटरफेरॉन गॅमावर काम करणारे बॅरी ब्लूम हेही होते, एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या एका गटाच्या आहारात २० टक्के प्रथिने होती, दुसऱ्याच्या केवळ २ टक्के. क्षयजंतूंचा संसर्ग दिल्यावर अपुऱ्या प्रथिनांवर ठेवलेले उंदीर लवकर मरण पावले. त्यांच्या फुप्फुसांत इंटरफेरॉन गॅमा कमी होता आणि भक्षक पेशींचे जंतुनाशक रसायनही कमी होते. लढाईचे तेच सैनिक आणि तीच शस्त्रे, पण रसद नव्हती. महत्त्वाचे म्हणजे, याच उंदरांना पुन्हा पूर्ण आहार दिल्यावर त्यांची प्रतिकारशक्ती परतली आणि ते वाचले. गिनिपिगवरील प्रयोगांत तर प्रथिनांचा तुटवडा असताना बीसीजीचे संरक्षणही हिरावले जाते, असे दिसून आले होते.

या प्रयोगातून कोणतीही कंपनी उभी राहिली नाही, कारण डाळभाताचे पेटंट घेता येत नाही. त्याची माणसातील परीक्षा व्हायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. मंगळुरूच्या डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमधील चार जिल्ह्यांत २०१९ पासून २,८०० क्षयरुग्णांच्या घरांत हा अभ्यास केला. सर्व रुग्णांना शिधा मिळाला. निम्म्या घरांतील सहवासितांनाही दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या देण्यात आल्या. एकूण १०,३४५ सहवासितांची पाहणी झाली. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, तर तपासणीत जंतू आढळलेल्या फुप्फुसाच्या क्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी भरले. हे निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

वेगवेगळ्या गटांवरील चाचण्यांचे आकडे शेजारी ठेवून लस श्रेष्ठ की शिधा, असा वाद घालणे अशास्त्रीय ठरेल. तरीही एवढे म्हणता येते की, आज हाताशी असलेल्या कोणत्याही क्षयलशीने भारतीय प्रौढांमध्ये याहून ठोस संरक्षण दिल्याचा पुरावा पुढे आलेला नाही आणि सहवासिताच्या शिध्याचा खर्च २०१९ च्या दराने महिना माणशी तीनशे रुपयांच्या आसपास होता.

चाकणमध्ये याचा अर्थ

औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणारे ओतकाम वाळूच्या साच्यांतून होते. त्या वाळूतील सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तीही भक्षक पेशीच गिळतात आणि ती पचविता न आल्याने त्या स्वतःच मरतात. म्हणजे क्षयजंतूशी लढण्यासाठी ज्या पेशीवर भिस्त, तिचाच बळी जातो. सिलिकोसिस झालेल्या कामगारास क्षयाचा धोका इतरांच्या कित्येक पट अधिक असतो. अशा फुप्फुसात लशीने कितीही टी पेशी पाठविल्या, तरी त्यांनी चेतवायचे कोणाला, हा प्रश्न उरतोच. धूळ रोखणे हीसुद्धा या अर्थाने क्षयाविरुद्धची प्रतिबंधक योजनाच आहे.

दुसरा प्रश्न 'घर' म्हणजे काय, हा आहे. झारखंडमधील शिधा कुटुंबाला मिळाला. चाकण, महाळुंगे, कुरुळी या भागांत एकटा आलेला कामगार चार-सहा जणांसह एका खोलीत राहतो आणि पाळीनुसार झोपण्याची जागाही वाटून घेतो. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार, रुग्णाच्या उपचारापूर्वीच्या तीन महिन्यांत त्याच्यासह एकाच बंदिस्त जागेत रात्री राहिलेली व्यक्ती घरातील सहवासित ठरते. रक्ताचे नाते आवश्यक नाही. म्हणजे तपासणी, प्रतिबंधक उपचार आणि सहवासितांसाठीचा पोषण आहार यांवर खोलीतील जोडीदाराचा हक्क कुटुंबीयाइतकाच आहे. कागदावरचा हा हक्क खोलीपर्यंत पोचायचा, तर आरोग्य कर्मचाऱ्याने रुग्णाला 'घरी कोण कोण असते' असे विचारून भागणार नाही. 'रात्री खोलीत कोण कोण झोपते' असे विचारावे लागेल. पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा बिहार, उत्तर प्रदेश किंवा मराठवाड्यातील एखाद्या गावचे येते.

तिसरा प्रश्न मजुरीचा. निक्षय पोषण योजनेतून रुग्णाला मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाली. सहवासितांच्या आहाराचा भार मात्र मुख्यतः निक्षय मित्रांच्या, म्हणजे स्वेच्छेने पुढे येणाऱ्या देणगीदारांच्या, भरवशावर आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत क्षयासारख्या दीर्घ आजारासाठी मजुरीच्या ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभाची तरतूद आहे. ही तरतूद निःसंशय चांगली आहे. पण योजनेच्या नियमांत तिच्यासाठी दोन वर्षांच्या सलग नोकरीची अट आहे. ठेकेदारामार्फत काही महिन्यांच्या मुदतीवर काम करणारा कामगार ती पूर्ण करणार कशी? परिणामी तो खोकला लपवितो, औषध अर्धवट टाकून गावी जातो किंवा ताप अंगावर काढून पाळीवर येतो. देशव्यापी सर्वेक्षणात, २०१९ ते २०२१ या काळात, क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोकांनी उपचारच घेतले नव्हते, असे आढळले होते. त्यामागे अज्ञानाबरोबरच बुडणाऱ्या मजुरीची भीती असते, हे वेगळे सांगायला नको.

पुढे काय?

उंदरांवरील संशोधन थांबवावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये. लशीची पहिली चाळणी म्हणून त्याला तूर्त पर्याय नाही आणि क्षयाविरुद्धच्या प्रतिकारशक्तीचे बहुतेक ज्ञान त्याचेच देणे आहे. अपेक्षा एवढीच की, त्या संशोधनाचा निष्कर्ष जेवढा आहे तेवढाच सांगितला जावा आणि तो संपूर्ण सांगितला जावा. लस टी पेशींना शिकविते, हे जसे उंदराने दाखविले, तसेच उपाशी शरीरात टी पेशी निष्प्रभ ठरतात, हेही त्यानेच दाखविले.

लशीवर संशोधन करणारी प्रयोगशाळा पुण्यात आहे, लस बनविणारा कारखाना पुण्यात आहे आणि ती ज्याला मिळावी तो कामगारही पुण्यालगतच्या चाकणमध्ये आहे. लशीची वाट पाहत असताना करण्याजोगी तीन कामे स्थानिक यंत्रणेच्या आवाक्यातली आहेत. खोलीतील जोडीदारांची सहवासित म्हणून नोंद, रुग्णासह त्यांनाही नियमित शिधा आणि ओतकामाच्या कारखान्यांतील धूळ व छातीची नियमित तपासणी. यांपैकी एकालाही नव्या शोधाची प्रतीक्षा नाही. महापालिका, जिल्हा परिषद, कामगार विभाग आणि पट्ट्यातील कारखानदार यांनी एकत्र बसून ती वाटून घेतली, तर २०२५ चे हुकलेले उद्दिष्ट निदान या पट्ट्यात काही अंशी भरून काढता येईल. लस येईल तेव्हा ती टोचून घेणारे शरीर लढण्याच्या स्थितीत असावे, याची तजवीज आजच करावी लागणार आहे.